गिरवलेलं नाव

आज ७ जानेवारी. चारच दिवसांपूर्वी सावित्रीबाईंची जयंती झाली. शाळाशाळांतून तसबिरीला हार घातले गेले, लहान मुलींनी कपाळावर आडवी चिरी लावून भाषणं केली. ती फुलं पुरती सुकायच्या आत मला दरवर्षी दुसऱ्या एका बाईंची आठवण येते. त्यांचं नाव सेप्टिमा क्लार्क. अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलिना राज्यातल्या चार्ल्सटन गावच्या. पेशाने शिक्षिका, म्हणजे आपल्या भाषेत ‘बाई’च. मी त्यांना मनातल्या मनात क्लार्कबाई म्हणतो.

१९५७ साली आजच्याच तारखेला, चार्ल्सटनजवळच्या जॉन्स बेटावर, एका दुकानाच्या मागच्या खोलीत चौदा माणसं जमली. पुढच्या बाजूला वाणसामान, मागे वर्ग. येणाऱ्याजाणाऱ्या गोऱ्या माणसाला संशय येऊ नये म्हणून ही योजना. दुकानात माणसं मीठ-पीठ घ्यायला येतात, त्यात नवल काय? मागच्या खोलीत मात्र जे चाललं होतं ते त्या राज्यात धाडसाचंच काम होतं. प्रौढ काळी माणसं आपलं नाव लिहायला शिकत होती.

नाव लिहिण्यात धाडस कसलं, असं आपल्याला वाटेल. तिथला कायदा असा होता, की मतदार म्हणून नाव नोंदवायचं तर राज्याच्या संविधानातलं कलम वाचून आणि लिहून दाखवायचं. नाहीतर तीनशे डॉलरची मालमत्ता दाखवायची. परीक्षा घेणारा गोरा अधिकारी. आणि ज्यांची परीक्षा घ्यायची त्यांच्या पिढ्यान् पिढ्या शाळेच्या दारापासून लांब ठेवलेल्या. आधी पाटी हिसकावून घ्यायची आणि मग म्हणायचं, याला लिहिता येत नाही, याला मत कशाला?

क्लार्कबाईंना हे पुस्तकातून कळलेलं नव्हतं. त्यांचे वडील पीटर पॉइन्सेट गुलामगिरीत जन्मले. लहानपणी मालकाच्या मुलांना शाळेत पोचवायचं, त्यांची पुस्तकं वाहायची आणि शाळा सुटेपर्यंत बाहेर थांबायचं, हे त्यांचं काम. मी या एका चित्रापाशी दर वेळी अडखळतो. हातात पुस्तकं आहेत, शाळा समोर आहे, आणि पोरगं बाहेर घोड्याजवळ उभं आहे. आई व्हिक्टोरिया घरी लोकांचे कपडे धुऊन-इस्त्री करून संसाराला हातभार लावायची. पण कुणाच्या घरी मोलकरीण म्हणून राहायचं नाही, हा तिचा बाणा. या जोडप्याच्या पोटी ३ मे १८९८ ला सेप्टिमा जन्मल्या.

एव्हरी संस्थेतून शिकून अठराव्या वर्षी त्या शिक्षिका झाल्या, तेव्हा चार्ल्सटनच्या सरकारी शाळांत काळ्या शिक्षकांना जागाच नव्हती. काळ्या मुलांच्या शाळेतसुद्धा गोरेच शिक्षक. म्हणून १९१६ साली त्यांनी जॉन्स बेटाची वाट धरली. तेव्हा पूल नव्हता. खाडीतून, भरती-ओहोटीच्या हिशोबाने होडीने जायचं. शाळेत १३२ मुलं आणि शिकवायला दोघी. क्लार्कबाईंचा पगार महिना ३५ डॉलर. समोरच गोऱ्या मुलांची शाळा होती. तिथे मुलं तीन, शिक्षिका एक आणि तिचा पगार ८५ डॉलर. हे आकडे त्यांनी पुढे आयुष्यभर सांगितले. मला वाटतं, त्यांच्या सगळ्या लढ्याची पहिली ओळ त्या पगारपत्रकावर लिहिलेली होती.

१९१९ साली त्या चार्ल्सटनला परतल्या, तेव्हा काळ्या शाळांत काळे शिक्षक हवेत ही मागणी पेटली होती. विरोधकांचं म्हणणं असं, की ही हौस चार शिकल्यासवरल्या घरांची आहे. स्वयंपाकिणींना आणि कपडे धुणाऱ्यांना त्याचं काही सोयरसुतक नाही. मग कपडे धुणाऱ्या आईच्या या लेकीने दारोदार फिरून त्याच बायाबापड्यांच्या सह्या गोळा केल्या. पोतंभर कागद झाले. गोणपाटात भरून ते राजधानीला नेले गेले. पुढच्याच वर्षी चार्ल्सटनच्या शाळांचं दार काळ्या शिक्षकांना उघडलं.

त्याच १९१९ च्या जानेवारीत इकडे मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकर साउथबरो समितीपुढे मताधिकारावर साक्ष देत होते. तेही तेव्हा शिक्षकच होते, सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक. दहा वर्षांनी सायमन कमिशनच्या वेळी त्यांनी साक्षरतेच्या अटीचा समाचार घेतला, तेव्हा त्यांचा मुद्दा सरळ होता. ज्याला अक्षर येत नाही त्याला अक्कल नसते हे कुणी ठरवलं? मत देणं हेच मुळी माणसाचं शिक्षण आहे. या दोन माणसांची भेट झाली नाही, पत्रव्यवहार झाला नाही. पण हजारो मैलांच्या अंतरावर एकच गाठ दोघं दोन टोकांनी सोडवत होती. इकडे ती आधी सुटली. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सतरा कोटींहून जास्त मतदारांची यादी झाली, त्यातल्या बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि पेटीवर चिन्ह. बैलजोडी ओळखायला बाराखडी लागत नाही. आपल्याकडच्या शेतमजूर बाईने बोटाला शाई लावून मत दिलं, त्यानंतर पाच वर्षांनी जॉन्स बेटावरची शेतमजूर बाई त्याच हक्कासाठी दुकानाच्या मागे पेन्सिल धरायला शिकत होती. चिन्ह बघून मत देणाऱ्या माणसाला हसणारी मंडळी मला अजूनही भेटतात. त्यांना मी ही गोष्ट सांगतो.

मधली वर्षं भराभर सांगतो. लग्न झालं, पहिलं मूल गेलं, १९२५ मध्ये नवरा गेला. कोलंबिया गावात नोकरी करताना काळ्या-गोऱ्या शिक्षकांना समान पगार मिळावा म्हणून जो खटला झाला, त्यात थर्गुड मार्शल यांच्यासारख्या वकिलांच्या बाजूने त्या कामाला लागल्या. १९४५ मध्ये निकाल शिक्षकांच्या बाजूने लागला. मग पुन्हा चार्ल्सटन.

आणि मग १९५६. शाळांमधला वर्णभेद बेकायदा आहे असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दोन वर्षांपूर्वी दिला होता, आणि दक्षिणेतली सरकारं चवताळली होती. दक्षिण कॅरोलिनाच्या विधिमंडळाने कायदा केला, की सरकारी नोकराने एनएएसीपी या संघटनेचं सभासद असता कामा नये. काळ्या लोकांच्या हक्कांसाठी कोर्टात लढणारी हीच मुख्य संघटना. शिक्षकांना फॉर्म दिले गेले : कुठल्या कुठल्या संस्थांचे सभासद आहात ते लिहा. क्लार्कबाईंनी ते लपवलं नाही. नोकरी गेली. चाळीस वर्षांची नोकरी, वय ५८, आणि पेन्शनसुद्धा गेली.

त्यांनी ७२६ काळ्या शिक्षकांना पत्रं लिहिली, की आपण मिळून या कायद्याला विरोध करू. उत्तरं आली २६. शाळाखात्याच्या साहेबांना भेटायला जायचं ठरलं, तेव्हा प्रत्यक्ष उभे राहिले पाच. काळ्या सुशिक्षित स्त्रियांच्या ज्या भगिनीमंडळात त्या होत्या, त्या मंडळाने त्यांच्या सन्मानासाठी कार्यक्रम ठेवला. सगळ्या आल्या, प्रेमाने बोलल्या. पण त्यांच्या शेजारी उभं राहून फोटो काढून घ्यायला एकही तयार झाली नाही. फोटो उद्या कुणाच्या हाती लागला तर आपलीही नोकरी जाईल, ही भीती.

मला त्या बायकांचा राग येत नाही. घरात चार पोरं, महिन्याचा पगार, वरून साहेबाची नजर; असा फोटो आपण तरी काढला असता का, हे छातीवर हात ठेवून सांगणं कठीण आहे. पण क्लार्कबाईंनी या प्रसंगाचं जे केलं ते फार थोड्यांना जमतं. शिक्षक भित्रे निघाले, असं त्या म्हणाल्या नाहीत. ही माझ्या आयुष्यातली एक चूक होती, असं त्यांनी पुढे सांगितलं. लोकांची तयारी झाली नव्हती आणि मी त्यांना ढकलत होते. आधी माणसाला स्वतः विचार करून ठरवता आलं पाहिजे, पाऊल त्यानंतर. त्यांच्या पुढच्या शाळा या कबुलीतून उभ्या राहिल्या, असं मी मानतो.

टेनेसीमधल्या मॉन्टीगलला मायल्स हॉर्टन यांची हायलँडर फोक स्कूल होती. काळे आणि गोरे एका टेबलावर जेवत, शेजारशेजारच्या खोल्यांत राहत, अशी त्या मुलखातली दुर्मीळ जागा. नोकरी जाण्याआधीपासून क्लार्कबाई तिथे शिबिरं घेत. १९५५ च्या उन्हाळ्यात त्यांच्या शिबिरात माँटगोमेरीची एक अबोल बाई येऊन बसली होती. त्याच डिसेंबरात तिने बसमधली जागा सोडायला नकार दिला आणि रोझा पार्क्स हे नाव जगाला कळलं. नोकरी गेल्यावर हॉर्टन यांनी क्लार्कबाईंना तिथेच काम दिलं.

जॉन्स बेटावर ईसॉ जेन्किन्स नावाचा माणूस बस चालवायचा. बेटावरच्या लोकांना रोज कामाला चार्ल्सटनला न्यायचा आणि आणायचा. सकाळी गाडी भरली की तो प्रवाशांना संविधानाचा भाग समजावून सांगे. ॲलिस वाईन नावाच्या एका बाईने ऐकून ऐकून तो उतारा तोंडपाठ केला आणि त्या पाठांतराच्या जोरावर मतदारनोंदणीही करून घेतली. पण तिचं समाधान झालं नाही. मला खरोखरचं वाचायला शिकायचंय, ती म्हणाली. जेन्किन्सने हे हायलँडरला जाऊन सांगितलं. वर्गासाठी बेटावरच्या शाळेने खोली दिली नाही, चर्चनेही नाही. शेवटी हायलँडरकडून दीड हजार डॉलरचं कर्ज काढून एक जुनी इमारत घेतली, पुढे सहकारी दुकान थाटलं आणि त्याच्या नफ्यातून कर्ज फेडलं.

शिकवायला कोण? इथे क्लार्कबाईंची पारख दिसते. चाळीस वर्षं शिकवत आलेली बाई स्वतः फळ्यासमोर उभी राहिली नाही. तिने आपली नात्यातली बहीण बर्निस रॉबिन्सन हिला निवडलं. बर्निस केशरचना करायची आणि शिवणकाम करायची. मी काही शिक्षिका नाही, असं ती सांगत राहिली. आणि तेच तर हवं होतं. शिक्षिकेची सवय नको. माणसांकडे वरून खाली बघणारी नजर नको. शिवाय तिची गिऱ्हाइकं काळ्या वस्तीतली, म्हणजे तिला नोकरीवरून काढणारा साहेबच नाही.

बर्निसने पहिल्या दिवशी लहान मुलांची पुस्तकं आणली होती. समोर वडीलधारी माणसं बसलेली बघून तिला ती पुस्तकं उघडवेनात. तिने ती बाजूला ठेवली आणि विचारलं, तुम्हाला काय शिकायचंय? उत्तरं आली. परगावच्या मुलांची पत्रं वाचायची आहेत. बायबल वाचायचंय. मनीऑर्डरचा फॉर्म भरायचाय. नाव लिहायचंय. मग तोच अभ्यासक्रम. तिने पुठ्ठ्यावर प्रत्येकाचं नाव लिहिलं आणि त्यावरून पुन्हा पुन्हा गिरवून घेतलं. नांगर धरायची सवय झालेले हात. पेन्सिल इतकी आवळून धरत की ती मोडायची. मोडली तर दुसरी द्यायची. भिंतीवर संयुक्त राष्ट्रसंघाचा मानवी हक्कांचा जाहीरनामा लावला आणि सांगितलं, वर्ग संपेपर्यंत हे प्रत्येकाला वाचता आलं पाहिजे.

गिरवणं हा शब्द माझ्यासाठी नुसता शब्द नाही. माझी आजी आयुष्यभर अंगठा उठवत आली. बँकेत पैसे काढायला मी तिच्याबरोबर जायचो. कारकून मान वर न करता शाईचा पॅड पुढे सरकवायचा आणि तिचा अंगठा स्वतःच धरून कागदावर दाबायचा, जणू तो तिचा अंगठा नव्हेच. बाहेर आल्यावर ती अंगठ्याची शाई केसांना पुसायची. मतदानाला ती कधी चुकली नाही. तिथे तिला कुणी हात धरून नेत नसे. पडद्याआड ती एकटी जायची आणि बाहेर आल्यावर कुणाला मत दिलं ते आजोबांनाही सांगायची नाही.

१९७८ मध्ये राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम निघाला आणि पुढच्या वर्षी-दोन वर्षांत आमच्या गावच्या चावडीतही कंदिलाच्या उजेडात वर्ग भरला. आजी लुगड्याच्या ओच्यात पाटी घालून गेली. चार दिवस गेली, पाचव्या दिवशी गेली नाही. मुलांच्या पुस्तकातलं कमळ आणि बदक तिच्यापुढे ठेवलं होतं. ‘मी का अंगणवाडीतलं पोर हाय?’ एवढंच ती म्हणाली. पुष्कळ वर्षांनी, ती अंथरुणाला खिळली तेव्हा बोलता बोलता मला म्हणाली, की तिला फक्त एसटीची पाटी वाचायची होती. माहेरची गाडी कुठली, हे स्टँडवर दर वेळी परक्या माणसाला विचारावं लागायचं, त्याची तिला लाज वाटायची. पाच अक्षरांचं ते गाव. चावडीतल्या शिकवणाऱ्याने तिला विचारलं नाही, तुम्हाला काय वाचायचंय. मीही विचारलं नाही, आणि मी तर तिच्याच घरात बसून निबंध लिहीत होतो. बर्निसने पुस्तकं बाजूला ठेवली, हे मी पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला आजीची पाटी दिसत राहिली.

जॉन्स बेटावरचा वर्ग आठवड्यातून दोन संध्याकाळी भरायचा, जानेवारी-फेब्रुवारीत, शेतीची कामं थंडावलेली असतात तेव्हा. मग शेजारच्या बेटांवर वर्ग निघाले. १९६१ मध्ये हे सगळं काम मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेकडे आलं आणि जॉर्जियातल्या डॉर्चेस्टर केंद्रात क्लार्कबाई, डोरोथी कॉटन आणि अँड्र्यू यंग मिळून शिक्षक घडवू लागले. गावोगावहून बस भरून माणसं यायची : शेतकरी, शिवणकाम करणाऱ्या, आज्या. मोठ्याने वाचता येतं आणि लिहिता येतं, एवढी पात्रता पुरे. पाच दिवसांनी ती आपल्या गावी जाऊन स्वयंपाकघरात, दुकानात, झाडाखाली वर्ग काढायची. फळा नसेल तिथे ड्रायक्लीनरकडच्या कागदी पिशव्यांवर लिहायची. १९७० पर्यंत अशा ८९७ शाळा झाल्या.

किंग यांच्यावर त्यांची माया होती. १९६४ मध्ये नोबेल पारितोषिकाच्या वेळी त्या किंग यांच्याबरोबर ओस्लोला गेल्या. तरीही त्यांनी किंग यांना पत्र लिहिलं, की प्रत्येक मोर्चा तुम्हीच का काढता? गावोगावच्या माणसांना पुढे होऊ द्या, तरच हे टिकेल. ते पत्र कार्यकर्त्यांसमोर वाचलं गेलं तेव्हा मंडळी हसली. कार्यकारिणीत ही बाई कशाला, असंही विचारलं गेलं. हे सगळं त्यांनी नंतर सांगितलं, कडवटपणा न आणता आणि काही न लपवता. बायकांच्या शब्दाला तिथे किंमत नव्हती, असं स्पष्ट म्हणाल्या.

पेन्शन त्यांना वीस वर्षांनी, १९७६ मध्ये परत मिळाली. ज्या गावाने नोकरीवरून काढलं, त्याच गावच्या शाळामंडळावर लोकांनी त्यांना निवडून दिलं. १५ डिसेंबर १९८७ ला त्या गेल्या. जॉन्स बेटावरच गेल्या. अठराव्या वर्षी होडीने ज्या बेटावर उतरल्या होत्या, त्याच.

पण त्यांची आठवण काढताना मला ना ओस्लो दिसतं, ना पुरस्कार. मला तो दुकानामागचा वर्ग दिसतो, जिथे क्लार्कबाई फळ्यासमोर नव्हत्याच. पासष्ट वर्षांची एक बाई तिथे शिकायला येत असे. एकदा बर्निसने सगळ्यांची नावं फळ्यावर लिहिली आणि तिला विचारलं, यात तुमचं नाव सापडेल का? सापडेल की, बाई म्हणाली. ती उठली, फळ्यापाशी गेली, बर्निसच्या हातातली पट्टी तिने आपल्या हातात घेतली आणि एका नावावर ठेवली. हे माझं नाव. मग एकेक अक्षर मोठ्याने म्हणून दाखवलं. पट्टी खाली सरकली. आणि हे माझं आडनाव.